मुंबईच्या २२७ नगरसेवकांस: उजेडाची तूट विकणे थांबवा

प्रति,
सन्माननीय नगरसेविका आणि नगरसेवक,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

गेली एकतीस वर्षे मी मुंबईत वास्तुविशारद म्हणून काम करते आहे. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे जुन्या इमारतींच्या आणि झोपड्यांच्या पुनर्विकासाचे नकाशे करण्यात गेली. ७ मार्च २०२२ रोजी मागील सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात हे पत्र कोणाला लिहावे, हाच प्रश्न होता. आता तुम्ही आहात, म्हणून लिहिते.

मागच्या पावसाळ्यात मी पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या घरी गेले होते. सकाळचे अकरा वाजले होते आणि घरात तिन्ही दिवे लागलेले होते. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या खिडकीतले वाळत घातलेले कपडे जवळजवळ हाताला लागतील, एवढेच दोन इमारतींमधले अंतर होते. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय आकाश दिसत नव्हते. बाहेर पाऊस आहे की नाही, हे सातव्या मजल्यावर राहणाऱ्या भाचीला फोन करून विचारावे लागते, असे घरातल्या आजींनी सांगितले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पूर्वीच्या झोपडीत पाणी शिरायचे, इथे शिरत नाही, संडास घरात आहे, दाराला कुलूप लावता येते, याचे त्यांना समाधान होते आणि ते योग्यच होते. मला मात्र तिथे बसवेना, कारण असे घर कागदावर कसे तयार होते हे मला फार जवळून ठाऊक आहे.

ते कसे तयार होते, हे तुम्हालाही तपशिलात ठाऊक असायला हवे. इमारतीच्या बाजूंना आणि मागे किती मोकळी जागा सोडायची, हे विकास नियंत्रण नियमावलीत तिच्या उंचीनुसार ठरवून दिलेले असते. भूखंड अरुंद असला, जुन्या रहिवाशांची संख्या मोठी असली आणि वर विक्रीची घरेही बसवायची असली, की ही सामासिक जागा पुरत नाही. मग वास्तुविशारद एक निवेदन तयार करतो, ज्याला आमच्या धंद्यात ‘कन्सेशन’चा प्रस्ताव म्हणतात. प्रत्येक बाजूला नियमाने किती मीटर हवेत, प्रत्यक्षात किती मिळतात आणि तूट किती टक्के पडते, याचा एक तक्ता त्यात असतो. तक्त्याखाली ‘हार्डशिप’, म्हणजे नियम पाळताना येणारी अडचण, शब्दांत मांडलेली असते. प्रस्ताव बांधकाम प्रस्ताव विभागातून आयुक्तांपर्यंत जातो, त्यांच्या स्वेच्छाधिकारात तूट माफ होते आणि त्या माफीच्या बदल्यात महापालिकेकडे प्रीमियम भरला जातो. असे तक्ते मी केलेले आहेत. त्यांच्यावर माझी सही आहे.

या व्यवहारात विकासकाला इमारत मिळते, महापालिकेला पैसा मिळतो, वास्तुविशारदाला शुल्क मिळते आणि रहिवाशाला पूर्वीपेक्षा मोठे घर मिळते. चारही पक्ष राजी असतात, म्हणून कोणी प्रश्न विचारत नाही. मात्र जी वस्तू विकली गेली ती यांपैकी कोणाच्याही मालकीची नव्हती. ती पुढची साठ-सत्तर वर्षे त्या खिडकीशी बसणाऱ्या माणसांच्या वाट्याचा उजेड आणि वारा होती. मोठी सूट क्वचितच दिली असती तर मी हे पत्र लिहिले नसते. आज शहरातल्या लहान भूखंडांवरच्या पुनर्विकासात कन्सेशन नसलेला प्रस्ताव शोधावा लागतो. अडचण हा अपवाद होता, तो आता नियमावलीचा पाया झाला आहे.

याला महापालिकेच्या तिजोरीचेही कारण आहे. १ जुलै २०१७ पासून जकात गेली. राज्याकडून भरपाई मिळते, पण स्वतःच्या हाताने वाढवता येईल असे जे उत्पन्न उरले, त्यात मालमत्ता कराबरोबर विकास नियोजन खात्याकडे जमा होणारे शुल्क आणि प्रीमियम यांचा वाटा मोठा आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकामावरचे निरनिराळे प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्म्यावर आणले, तेव्हा ही सवलत पदरात पाडून घेण्यासाठी प्रस्तावांची केवढी घाई झाली, ती आम्ही सर्वांनी पाहिली. ज्या संस्थेने मोकळ्या जागेचे रक्षण करायचे, तिच्या अर्थसंकल्पात मोकळ्या जागेच्या कमतरतेतून येणारी जमा धरलेली असते, ही विसंगती तुमच्या सभागृहात आकड्यांसह मांडली गेली पाहिजे.

मोकळ्या जागेचा हा धडा हे शहर एकदा फार महाग शिकले आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग दिसला, आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे सगळे काम आदर्श होते असे मी म्हणणार नाही. त्याने गरिबांची घरे पाडली जास्त आणि बांधली कमी, आणि हटवलेली माणसे शेजारच्या वस्तीत अधिक दाटीने राहू लागली. पण त्याच ट्रस्टच्या काळात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आला. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. नियम सोपा होता. आपल्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. याचाच अर्थ इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीच्या आत हवी. शाळकरी मुलालाही पडताळता येईल, असा हा नियम होता.

आता त्याच मापाने आजच्या पुनर्वसन इमारती मोजा. आठ मजल्यांची इमारत सुमारे २४ मीटर उंच होते. दोन इमारतींत ३ मीटरचे अंतर असले तर उंची मोकळ्या जागेच्या आठपट भरते आणि तो कोन ८३ अंशांच्या घरात जातो. तळमजल्यावरच्या माणसाला डोक्यावर जेमतेम सात अंशांची आकाशाची फट उरते. गोवंडी-मानखुर्दमधल्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती अशाच खेटून उभ्या आहेत. तिथे डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केलेला आणि २०१८ मध्ये चर्चेत आलेला अभ्यास सांगतो, की त्या दोन वसाहतींतले क्षयरोगाचे प्रमाण त्याच भागातल्या तुलनेने मोकळ्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त होते आणि ऊन न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर ते अधिक होते. प्लेगच्या वेळी वस्ती दाट होती आणि नियम नव्हता. या वसाहती मात्र नियमाने, मंजुरीने आणि सहीशिक्क्यानिशी बांधल्या गेल्या.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात, म्हणजे ३३(१०) मध्ये, एक तरतूद आहे. तिच्याकडे सामान्य नागरिकाचे लक्ष जात नाही. जगात सहसा घनतेला वरची मर्यादा घालतात. इथे पुनर्वसनासाठी हेक्टरी किमान ६५० घरे बसलीच पाहिजेत अशी खालची मर्यादा आहे. तेवढी संख्या भरावी म्हणून पुनर्वसनाच्या इमारती भूखंडाच्या एका कोपऱ्यात कोंबल्या जातात आणि उरलेली जमीन विक्रीच्या टॉवरसाठी मोकळी होते. फुकट घराचे क्षेत्रफळ आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फूट झाले आणि प्रत्येक वाढीची जाहीर घोषणा झाली. त्या ३०० चौरस फुटांना खिडकी कोणत्या दिशेला आणि कशासमोर आहे, याबद्दल एकाही सभेत कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

मी पुनर्विकासाच्या विरोधात आहे, असा समज कृपया करून घेऊ नका. चाळीतल्या सामुदायिक जिव्हाळ्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकीही मी नाही. बीडीडीच्या २०७ चाळींत १६० चौरस फुटांच्या एका खोलीत तीन पिढ्या राहिल्या आणि पहाटे संडासाच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे, हे न्यायाचे आहे. २०१३ मध्ये माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ माणसे गेली, २०१७ मध्ये भेंडी बाजारात ३३ गेली. जुन्या इमारती आहेत तशाच राहू द्या असे म्हणणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कोणाच्या तरी मरणाची वाट पाहणे आहे. उंच इमारतींबद्दलही माझे भांडण नाही. भांडण आहे ते दोन इमारतींमधल्या जागेबद्दल आणि ती जागा पैसे घेऊन माफ करण्याबद्दल.

एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, वाढवावे की नको, या वादात आपण चाळीस वर्षे घालवली. केम्प्स कॉर्नरचा पूल उभारणारे आणि १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता यांच्यासह खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडणारे अभियंते दिवंगत शिरीष पटेल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आले. एफएसआयच्या आकड्यावरून गर्दी कळत नाही. ती कळण्यासाठी माणशी घरात किती जागा आहे आणि माणशी रस्ता, शाळा, मैदान किती आहे, हे दोन आकडे पाहावे लागतात. श्रीमंत वस्तीत एफएसआय वाढला तर घरे मोठी होतात आणि माणसे फारशी वाढत नाहीत. गरीब वस्तीत तोच एफएसआय माणसांनी भरून जातो. आमच्या विकास आराखड्याने हा भेद कधी गंभीरपणे घेतलाच नाही. २०१५ च्या मसुद्यात स्थानकांभोवती ८ पर्यंत एफएसआय सुचवला गेला. त्या मसुद्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिल २०१५ मध्ये तो मागे घ्यावा लागला. पण मूळ प्रश्न तसाच राहिला.

उपनगरातल्या एका गल्लीचे उदाहरण देते. ९ मीटर रुंदीचा रस्ता, दोन्ही बाजूंना मिळून २० सोसायट्या, प्रत्येकीचा भूखंड १,००० चौरस मीटरचा आणि जुन्या इमारती १ एफएसआयच्या. म्हणजे गल्लीत एकूण २०,००० चौरस मीटर बांधकाम आहे. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीनुसार अशा रस्त्यावर प्रीमियम भरून मिळणारा आणि टीडीआरचा, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेल्या बांधकाम हक्काचा, एफएसआय धरून एकूण २ होतो आणि त्यावर ३५ टक्के ‘फंजिबल’, म्हणजे पूरक एफएसआय, धरला की २.७. तिथले बांधकाम ५४,००० चौरस मीटरवर जाते. प्रत्येक सोसायटीचा प्रस्ताव स्वतंत्रपणे येतो, स्वतंत्रपणे तपासला जातो आणि आपापल्या जागी तो बरोबरही असतो. पण गल्ली कोणीच तपासत नाही. मलवाहिनी तीच आहे, पाण्याची लाइन तीच आहे, अग्निशमन दलाचा बंब वळायचा कोपरा तोच आहे आणि गाड्या मात्र प्रत्येक घरामागे वाढलेल्या आहेत. वीस वास्तुविशारदांनी केलेल्या वीस नकाशांत त्या गल्लीचा नकाशा कुठेच नसतो.

इथे माझ्या व्यवसायातली मंडळी मला एक प्रश्न विचारतील आणि तो रास्त आहे. गिरगावात किंवा दादरमध्ये ४०० चौरस मीटरच्या भूखंडावर चारी बाजूंना पूर्ण अंतर सोडले, तर मध्ये जिन्याएवढीच जागा उरेल. कन्सेशन बंद केले तर हजारो उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाला उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींचा पुनर्विकास होणारच नाही. मग रहिवाशांनी काय करायचे?

यावर माझे उत्तर असे आहे की चूक त्या भूखंडाची नाही. प्रत्येक इमारत चारी बाजूंनी सुटी उभी राहिली पाहिजे, या आपल्या आग्रहाची ती चूक आहे. प्रत्येक भूखंडाभोवती दीड-दोन मीटरची चिंचोळी पट्टी सोडून काय मिळते? तिथे उजेड येत नाही, मूल खेळत नाही. पाण्याचे पाइप, एसीचे खोके आणि वरून टाकलेला कचरा एवढेच त्या पट्टीत राहते. जुन्या गिरगावातल्या आणि काळबादेवीतल्या इमारती एकमेकींना भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत. त्या रस्त्याच्या रेषेवर ओळीने येतात आणि उजेड समोरच्या रस्त्यातून व मागच्या चौकातून घेतात. मरीन ड्राइव्हच्या इमारतींनी एका रेषेत, जवळजवळ एका उंचीने उभे राहून जी शिस्त पाळली, ती आपण अभिमानाने जगाला दाखवतो आणि २०१८ मध्ये युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पाच शेजारी भूखंडांनी बाजूच्या भिंती सामाईक केल्या आणि वाचलेल्या सगळ्या पट्ट्या मागच्या बाजूला एकत्र केल्या, तर पंधरा-वीस मीटर रुंदीचा खरा चौक मिळू शकतो. त्यात झाड लागते, घरातल्या सगळ्या खोल्यांना उजेड मिळतो आणि बांधकामाचे क्षेत्रफळही कमी होत नाही.

याला समूह पुनर्विकासाचा मोठा घाट घालावा लागत नाही. समूह पुनर्विकासाच्या ३३(९) या नियमासाठी शहर भागात किमान ४,००० चौरस मीटर जागा लागते आणि भेंडी बाजारासारखा सुमारे २५० इमारतींचा प्रकल्प एका संस्थेने चिकाटीने उभा केला म्हणून झाला. प्रत्येक वाडीत तशी संस्था नसते. पण गल्लीचा आराखडा महापालिकेने आधी काढून ठेवला, चौक कुठे येणार आणि भिंती कुठे जुळणार हे त्यावर आखून दिले, तर शेजारच्या सोसायट्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या विकासकांकडून बांधूनही त्याच चौकाकडे तोंड करून उभ्या राहू शकतात. पहिली इमारत दहा वर्षे आधी आली तरी बिघडत नाही.

मोकळी जागा एकत्र करण्याची ही रीत या महानगराला परकी नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ पासून राबवलेल्या योजनेत म्हाडाने चारकोप आणि गोराई इथे सेवासुविधांसह लहान भूखंड दिले. सुमारे पस्तीस घरांचा एक गट आणि त्यांच्यामध्ये एक सामाईक अंगण, अशी ती मांडणी होती. घरे लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे बांधली आणि वाढवली. त्या काळी या योजनेला यश म्हणायला कोणी तयार नव्हते. वीस वर्षांनी बँकेच्याच अभ्यासकांनी परत येऊन पाहिले, तेव्हा त्यांना तिथे भरलेली, मिश्र उत्पन्नगटांची आणि जिवंत वस्ती दिसली. बेलापूरला कोरियांनी सात-सात घरे एका अंगणाभोवती बसवली, तीही याच विचाराने. परळला किंवा कुर्ल्याला बैठी घरे परवडणार नाहीत, हे मला समजते. तिथून घ्यायचे आहे ते सामाईक अंगण, आणि ते दहा-बारा मजल्यांच्या इमारतींनाही मिळू शकते.

आता तुमच्या अधिकाराबद्दल. शहराचे नियोजन मंत्रालयात ठरते, आमच्या हातात रस्ते आणि गटारे, असे अनेक नगरसेवक मला यापूर्वी म्हणाले आहेत. यात तथ्य आहे. आराखड्याला अंतिम मंजुरी राज्य सरकार देते आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणासह अनेक विशेष नियोजन प्राधिकरणे तुमच्या कक्षेबाहेर आहेत. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार विकास आराखड्यात आणि नियमावलीत फेरबदल प्रस्तावित करण्याचा, त्यावर जनतेच्या हरकती मागवण्याचा आणि तो शासनाकडे मंजुरीसाठी पाठवण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरण म्हणून महापालिकेला आहे. तो ठराव तुमच्या सभागृहाचा असतो. प्रशासकाच्या काळात तो अधिकार एका सहीत सामावला होता, आता पुन्हा २२७ मतांत आला आहे.

आणि नियमावलीतला एखादा शब्द बदलला की काय होते, हे गिरणगावाने पाहिले आहे. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी मिळणार होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली. प्रकरण उच्च न्यायालयात आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दुरुस्ती कायम राहिली. सुमारे सहाशे एकरांतून शहराच्या वाट्याला काय आले, ते लोअर परळच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता उभे राहिल्यावर दिसते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. कलम ३७ खाली असा फेरबदल प्रस्तावित करा की राहत्या खोलीची आणि स्वयंपाकघराची खिडकी ज्या बाजूला उघडते, त्या बाजूची मोकळ्या जागेची तूट कोणत्याही प्रीमियमवर आणि कोणाच्याही स्वेच्छाधिकारात माफ होणार नाही. जिन्याच्या, लिफ्टच्या, आंधळ्या भिंतीच्या बाजूला सूट हवी तर द्या, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावायची मुभा द्या. पण खिडकीसमोरची जागा विक्रीतून कायमची बाहेर काढा. त्याच ठरावात झोपडपट्टी पुनर्वसन योजनांमधली हेक्टरी किमान ६५० घरांची अट पुन्हा तपासावी, अशी शिफारस राज्य सरकारला करा. ती मान्य करणे तुमच्या हातात नाही, नोंदवणे आहे. मंजूर झालेले प्रत्येक कन्सेशन, तुटीच्या टक्केवारीसह आणि घेतलेल्या रकमेसह, प्रभागनिहाय जाहीर करण्याचे आदेश सुधार समितीतून काढता आले तर उत्तम. आम्हा वास्तुविशारदांच्या सह्याही त्यात दिसू द्या.

गल्लीच्या आराखड्यांसाठी सगळे शहर एकदम हाती घेण्याची गरज नाही. प्रत्येक नगरसेवकाने आपल्या प्रभागातली एक गल्ली निवडावी, जिथे तीन-चार सोसायट्यांचे प्रस्ताव येऊ घातले आहेत. तिथल्या मलवाहिनीचे, पाण्याचे आणि रस्त्याचे मोजमाप महापालिकेच्या अभियंत्यांकडून करून घ्यावे. रहिवाशांना एकत्र बसवण्याचे काम तुमच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही, कारण त्या सोसायट्यांचे सचिव तुम्हाला नावाने ओळखतात. नकाशाचे काम माझ्या व्यवसायातले अनेकजण विनामूल्य करतील. पहिल्या गल्लीसाठी मी माझे नाव आजच देते.

त्याआधी एक विनंती आहे. आपल्या प्रभागातल्या कुठल्याही पुनर्वसन इमारतीत, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर, एका सकाळी अकरा वाजता जा. कार्यकर्ते, छायाचित्रकार कोणी बरोबर नको. घरातल्यांना सगळे दिवे बंद करायला सांगा आणि सभागृहाच्या कार्यक्रमपत्रिकेचे एक पान तिथे खिडकीपाशी बसून वाचून पाहा. ते वाचता आले नाही, तर हा विषय त्याच पत्रिकेवर घ्या.

आपली नम्र,
एक वास्तुविशारद
मुंबई